रंग, पाटी आणि वीज : सोलापूरच्या सार्वजनिक बसचा इतिहास

सार्वजनिक बसच्या अंगावरचा रंग, तिच्या कपाळावरची पाटी आणि तिला दिलेले नाव या तिन्ही गोष्टी वरवर सजावटीच्या वाटत असल्या, तरी वाहतुकीच्या इतिहासात त्यांचे मोल एखाद्या दस्तऐवजाइतके आहे. कारण गाडी कोणाच्या मालकीची, ती कोणासाठी धावते आणि ती आली नाही तर जाब कोणाला विचारायचा, या प्रश्नांची उत्तरे त्यांतूनच वाचता येतात. सोलापुरात दोन सार्वजनिक व्यवस्था अनेक दशके शेजारी-शेजारी चालत आल्या आहेत. एक राज्याची, म्हणजे एसटी महामंडळाची, आणि दुसरी शहराची, म्हणजे महापालिकेच्या परिवहन उपक्रमाची. या दोन्ही व्यवस्थांमध्ये रंग आणि नावे जेव्हा जेव्हा बदलली, तेव्हा त्यामागे मालकी, पैसा किंवा जबाबदारी यांच्या मांडणीतला बदल होता, आणि त्या रंगाची पत किती टिकली हे मात्र प्रत्येक वेळी आगारातल्या देखभालीने ठरवले, असे या इतिहासाचे सूत्र मांडता येते. विजेवरच्या बसकडे वळताना ते सूत्र पुन्हा तपासून पाहणे आवश्यक आहे.

सोलापूरला बसची गरज का आणि केव्हा भासली, हे शहराच्या घडणीतून समजते. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग येथे पोहोचला, १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजेच पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली गिरणी सुरू झाली, आणि त्यानंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी कामगार कुटुंबे गिरण्यांच्या आणि हातमागांच्या आसपासच्या पेठांत वसली. पाळीच्या भोंग्यावर घर सोडावे आणि पायी गिरणी गाठावी, अशा बेताने ही वस्ती पसरलेली असल्यामुळे प्रारंभीच्या काळात शहरांतर्गत प्रवासासाठी पाय, सायकल आणि टांगा पुरेसे होते. मोटारीची गरज आधी शहराला नव्हे, तर शहराशी बाजार, देवस्थान आणि न्यायालय यांनी जोडलेल्या तालुक्यांना होती. पंढरपूर, अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढा आणि शेजारच्या संस्थानी मुलखातील तुळजापूर ही गावे एका रेल्वेमार्गावर बसवता येण्याजोगी नव्हती.

ही गरज भागवली ती खासगी मोटारवाल्यांनी. मुंबई इलाख्यात १९२० च्या दशकापासून मोटारमालकांनी आपापल्या भागात प्रवासी गाड्या चालवायला घेतल्या. वेळापत्रक, भाडे आणि प्रवाशांची संख्या यांवर फारसे बंधन नसल्यामुळे एकाच रस्त्यावर चढाओढ आणि शेजारच्या रस्त्यावर काहीच नाही, अशी स्थिती असे. गाडी भरल्याशिवाय ती सुटत नसे आणि तिचा रंग मालकाच्या मर्जीचा असे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाने, मार्ग आणि भाडे यांवर प्रथमच पद्धतशीर नियंत्रण आणले आणि मोटारमालकांचे भागवार संघ होऊ लागले. याच सुमारास सोलापूरच्या पूर्वेला, हैदराबाद संस्थानात, वेगळा प्रयोग रुजला होता. तेथे १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने २७ गाड्यांनिशी स्वतःची रस्ते वाहतूक सुरू केली, आणि भारतातील सरकारी बससेवेच्या आरंभीच्या उदाहरणांत ती गणली जाते. त्या गाड्यांच्या नोंदणी क्रमांकातील ‘झेड’ हे अक्षर निजामाच्या मातोश्री जहरा बेगम यांच्या स्मरणार्थ घेतले गेल्याचे परंपरेने सांगितले जाते, आणि आंध्र व तेलंगणातील महामंडळांच्या गाड्यांवर ते पुढेही दिसत राहिले. गाडीवरचे एक अक्षरही मालकीची खूण किती दीर्घकाळ वागवू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने प्रवासी वाहतूक स्वतःकडे घेतली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली. ती बेडफर्ड बनावटीची, ३० आसनांची आणि निळ्या-चंदेरी रंगाची होती. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने अशा सेवांना स्वायत्त महामंडळाचे रूप दिले, आणि राज्यपुनर्रचनेनंतर त्याचेच महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ झाले. निळा-चंदेरी रंग मागे पडून गाड्यांना लाल रंग आला आणि तोच एसटीची ओळख ठरला. लंडनमध्ये जनरल ऑम्निबस कंपनीने १९०७ मध्ये आपल्या गाड्या लाल केल्या, त्या स्पर्धक कंपन्यांच्या गर्दीत उठून दिसाव्यात म्हणून. एसटीच्या लाल रंगाचे कार्य मात्र उलट होते. तिच्या मार्गांवर स्पर्धक उरलेला नव्हता, त्यामुळे हा रंग निवड करण्यासाठी नव्हता, तर खात्री देण्यासाठी होता. सांगोल्याच्या फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला दुरून लाल ठिपका दिसला की ठरलेले भाडे, पावती म्हणून तिकीट आणि शेवटच्या गावापर्यंत नेण्याची हमी या तिन्ही गोष्टी एकदमच दिसत. सोलापूर विभागातील सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, करमाळा, कुर्डुवाडी, मंगळवेढा, सांगोला आणि अकलूज ही आगारे या एका रंगाने बांधली गेली. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत महामंडळ स्वतः गाड्यांची बांधणी करत असल्यामुळे चेसिस कोणत्याही कारखान्याची असली, तरी रस्त्यावर दिसणारी गाडी एसटीचीच असे.

रंग सर्वांसाठी एक असल्यामुळे गाडीगाडीतला भेद सांगण्याचे काम पाटीकडे आले. काचेमागे खोबणीत सरकवलेली, काळ्या किंवा पिवळ्या पार्श्वभूमीवर रंगाऱ्याने हाताने लिहिलेली ही पाटी मोठ्या अक्षरांत शेवटचे गाव आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘मार्गे’ असे वाटेतले गाव सांगे. स्थानकावर गाडी लागली की वाहकाने पाटी उलटी करायची किंवा बदलायची, हा नेमाचा भाग होता, कारण ‘सोलापूर–बार्शी’ ही गाडी त्याच वाटेने परतताना ‘बार्शी–सोलापूर’ होई. भाडे टप्प्यांनी मोजले जाई, आणि टप्पा म्हणजे सहा किलोमीटरचे ठरीव अंतर. ज्या प्रवाशाला अक्षरओळख नव्हती, किंवा जो तेलुगू वा कन्नड वाचणारा होता, त्याच्यासाठी पाटीचा रंग, फलाटाची जागा आणि वाहकाने खणखणीत आवाजात केलेला पुकारा मिळून पाटी पुरी होई. अशा चार भाषांच्या मुलखात सेवेची ओळख केवळ लेखी ठेवून भागत नाही, हा अनुभव एसटीच्या दैनंदिन कामातच रुजलेला होता.

शहराची स्वतंत्र बससेवा याच पिढीत, स्वातंत्र्यानंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत, नगरपालिकेच्या आश्रयाने उभी राहिली. ज्या नगरपालिकेने १९३० मध्ये आपल्या इमारतीवर तिरंगा फडकवला आणि ज्या शहराने त्याच वर्षी लष्करी कायदा सोसला, तेथे शहराची गाडी शहराच्या संस्थेने चालवावी ही कल्पना परकी नव्हती. १ मे १९६४ रोजी महानगरपालिका स्थापन झाली आणि ही सेवा १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्याच्या चौकटीत आली. त्या कायद्यात परिवहन उपक्रम, त्यावर देखरेख करणारी परिवहन समिती आणि दैनंदिन कारभार पाहणारा परिवहन व्यवस्थापक अशी रचना आहे, आणि उपक्रमाचा अर्थसंकल्प स्वतंत्र ठेवण्याची तरतूद आहे. तात्पर्य असे, की शहर बस हे नफ्यासाठी काढलेले दुकान नसून, पाणी व दिवाबत्तीप्रमाणे नागरी सेवा आहे. मात्र तिचा हिशेब वेगळा दिसला पाहिजे, असा कायद्याचा आग्रह आहे. सात रस्ता येथील आगारातून सुटणाऱ्या या गाड्यांची ओळख गावाच्या नावापेक्षा मार्गक्रमांकाने होऊ लागली, कारण शहरात एकाच चौकातून अनेक मार्ग फुटतात आणि तेथे अंक अक्षरांपेक्षा लवकर वाचला जातो.

शहर सेवेची खरी परीक्षा पाहिली ती हद्दवाढीने. १९६० च्या दशकात जुनी मिल बंद पडली आणि पुढे इतर गिरण्याही थंडावल्या, तसे काम गिरणीच्या एका दारातून निघून यंत्रमागांच्या कारखान्यांत, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आणि विडी उद्योगात विखुरले. १९९२ मध्ये आसपासची गावे महापालिकेत घेऊन शहराचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर करण्यात आले, आणि बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव यांसारख्या वस्त्या शहराचा भाग झाल्या. पुढे केगाव येथे २००४ मध्ये विद्यापीठ आले, आणि शहराबाहेर कुंभारी परिसरात विडी कामगार महिलांच्या मोठ्या गृहवसाहती उभ्या राहिल्या. तंबाखू आणि पाने घरी न्यायची, विड्या वळायच्या आणि तयार माल कारखान्यावर पोचवायचा, हा या महिलांच्या कामाचा क्रम आहे. म्हणजे टोपली घेऊन केलेला हा प्रवास त्यांच्या रोजगाराचाच एक भाग ठरतो. पायी चालण्याच्या अंतरावर घडलेले शहर आता बसच्या अंतरावर पसरले होते. नेमक्या याच काळात शहर सेवेच्या फेऱ्या विश्वासार्ह राहण्याची गरज सर्वाधिक होती, आणि फेरी चुकली की प्रवासी सामायिक रिक्षाकडे वळत होता.

दरम्यान एसटीने एकाच लाल रंगापलीकडे जाऊन सेवांना नावे देण्याची वाट चोखाळली होती. मार्गाला किंवा सेवेला स्वतंत्र नाव, रंग आणि चिन्ह देऊन तिची निराळी ओळख घडवणे, ही पद्धत आज नवी मानली जात असली, तरी तिची मुळे १९५० च्या दशकाच्या प्रारंभात आहेत. पुणे–महाबळेश्वर मार्गावर तेव्हा ‘नीलकमल’ आणि ‘गिरिआरोहिणी’ या नावांच्या दोन आरामगाड्या धावत, आणि त्यांत पडदे, घड्याळ व हिरवट काचा अशा सोयी होत्या. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी वापरलेल्या गाड्यांवरून निमआराम सेवेला ‘एशियाड’ हे नाव पडले, आणि हिरव्या-पांढऱ्या रंगामुळे ती लाल गाडीपासून दुरूनच वेगळी दिसू लागली. पुढे तिलाच ‘हिरकणी’ म्हटले गेले, आणि वातानुकूलित सेवेला ‘शिवनेरी’ हे नाव मिळाले. सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने यांतील सर्वांत अर्थपूर्ण नाव म्हणजे २०१८ मध्ये आलेली ‘विठाई’. पंढरपूरच्या वारकऱ्यांना समोर ठेवून काढलेल्या या गाड्यांच्या अंगावर विठ्ठलाचे चित्र होते, आणि त्यातून राज्यभरच्या आगारांतील गाडीची ओळख एका तीर्थस्थानाशी जोडली गेली. सोलापूरच्या रेल्वेनेही हेच केले आहे. मुंबईच्या गाडीला ग्रामदैवताचे ‘सिद्धेश्वर’ आणि पुण्याच्या गाडीला १९३१ मध्ये फाशी गेलेल्या चार सोलापूरकरांच्या स्मृतीचे ‘हुतात्मा’ हे नाव आहे, आणि प्रवासी गाडीक्रमांकापेक्षा ही नावेच वापरतात.

मात्र नाव आणि रंग यांना व्यवस्थेची जोड लागते, हे जगातील दोन शहरांनी स्पष्ट केले आहे. ब्राझीलमधील कुरितिबा शहरात १९७४ पासून राखीव मार्गिकेवरची बससेवा विकसित झाली आणि तेथे द्रुत सेवा लाल, उपनगरी वस्तीतून मुख्य मार्गापर्यंत आणणारी पूरक सेवा नारिंगी आणि भागाभागांना जोडणारी सेवा हिरवी, अशी विभागणी रुळली. सोल शहराने २००४ मध्ये मार्गांची फेररचना करताना निळा, हिरवा, लाल आणि पिवळा असे चार रंग चार प्रकारच्या मार्गांना दिले. दोन्ही ठिकाणी रंग आधी आला नाही. आधी मार्ग, थांबे, फेऱ्यांमधील अंतर आणि भाडे ठरले, आणि मग त्या ठरावाची जाहीर नोंद म्हणून रंग आला. याउलट, फेऱ्यांची शाश्वती नसताना केलेली रंगरंगोटी प्रवाशाला दिलेले वचन मोडते, आणि पुढच्या वेळी तोच रंग अविश्वासाची खूण होतो.

सोलापूरने या विधानाची किंमत प्रत्यक्ष मोजली आहे. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून शहराला मोठ्या संख्येने नव्या गाड्या मिळाल्या, तेव्हा परिवहन उपक्रमाचे रूप पालटेल अशी रास्त अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांतील बऱ्याच गाड्यांच्या चेसिसना, म्हणजे ज्यावर संपूर्ण गाडी पेललेली असते त्या मूळ सांगाड्याला, तडे गेले. गाड्या आगारात उभ्या राहिल्या आणि वाद लवादापर्यंत पोहोचला. उभी गाडी हीही खर्च करतेच. टायर, बॅटरी आणि विद्युत जोडण्या न वापरता निकामी होतात, एका गाडीचे सुटे भाग दुसरीला लावले जातात आणि अखेर दोन्ही भंगारात जातात. योजनेतून भांडवल एकदाच मिळते, देखभालीला मात्र रोज पैसा लागतो, हा धडा सोलापूरने घेतला आणि त्याची झळ पगार, फेऱ्या आणि प्रवासी या तिघांनाही बसली.

विजेवरच्या बसचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. ही कल्पना मुळात नवी नाही. लंडनमध्ये १९०७ ते १९१० या काळात बॅटरीवर चालणाऱ्या ‘इलेक्ट्रोबस’ धावल्या आणि कंपनीच्या आर्थिक गैरव्यवहारामुळे बंद पडल्या. १९०७ मध्येच मुंबईत घोड्यांच्या ट्रामची जागा विजेच्या ट्रामने घेतली, आणि वरच्या तारेतून वीज घेणारी ट्रॉलीबसही तेथे १९६२ ते १९७१ या काळात धावली. तारेविना धावणाऱ्या गाडीची मुख्य अडचण वीज साठवण्याची होती, आणि लिथियम बॅटरी स्वस्त व टिकाऊ झाल्यावर ती बरीच कमी झाली. चीनमधील शेन्झेन शहराने २०१७ अखेरपर्यंत आपल्या सोळा हजारांहून अधिक गाड्या विजेवर आणल्या. महाराष्ट्रात पुण्यात २०१९ मध्ये विजेच्या बस धावू लागल्या, आणि एसटीने १ जून २०२२ रोजी, आपल्या पहिल्या गाडीच्या वर्धापनदिनी आणि त्याच पुणे–अहमदनगर मार्गावर, ‘शिवाई’ ही विजेवरची बस आणली.

मध्यम आकाराच्या शहरांना या प्रवाहात आणणारी प्रधानमंत्री ई-बस सेवा योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केली. तिचा एकूण अंदाजित खर्च ५७,६१३ कोटी रुपये, त्यात केंद्राचा वाटा २०,००० कोटी आणि उद्दिष्ट १०,००० गाड्यांचे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार साडेनऊ लाख लोकसंख्येच्या सोलापूरसाठी तीत १०० गाड्या मंजूर झाल्या. ही योजना पूर्वीच्या अभियानापेक्षा मुळातच वेगळी आहे. गाडी महापालिका विकत घेत नाही. खासगी चालक-कंपनी गाडी, चालक आणि देखभाल पुरवते आणि धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेला दर घेते, तर तिकिटाचे उत्पन्न महापालिकेकडे राहते. केंद्राचे साहाय्यही गाडीच्या किमतीवर नव्हे, तर धावेवर मिळते. बारा मीटरच्या गाडीला किलोमीटरमागे २४, नऊ मीटरच्या गाडीला २२ आणि सात मीटरच्या गाडीला २० रुपये, असे हे साहाय्य दहा वर्षांपर्यंतचे आहे, आणि आगारापर्यंतच्या वीजजोडणीचा व आगारबांधणीचा खर्च वेगळा दिला जातो. आगारात बंद पडून राहिलेल्या गाडीला या मांडणीत पैसा मिळत नाही, हा सोलापूरच्या अनुभवाला उत्तर ठरू शकणारा बदल आहे.

तरीही तंत्रज्ञानाची स्वतःची शिस्त आहे. डिझेलची गाडी पंपावर काही मिनिटांत भरते, तर विजेच्या गाडीला चार्जिंगसाठी आगारातली जागा, उच्चदाबाची वीजजोडणी आणि ठरलेला वेळ लागतो. म्हणून तिचे वेळापत्रक रस्त्याइतकेच आगारात लिहिले जाते. सोलापूरचे पठारी, चढउतार कमी असलेले रस्ते आणि शहरातील आटोपशीर अंतरे तिला अनुकूल आहेत; चाळीस अंशांपलीकडे जाणारा उन्हाळा मात्र वातानुकूलन आणि बॅटरी थंड ठेवणे यांवर जास्त वीज खर्च करायला लावतो. एसटीपुढचा प्रश्न याहून अवघड आहे. पुणे–सोलापूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर एका चार्जच्या क्षमतेच्या कडेला जाते, आणि शेवटच्या गावी रात्री उभी राहून पहाटे शाळकरी मुले व दूधवाल्यांना घेऊन निघणारी मुक्कामी गाडी तर चार्जिंगअभावी विजेवर चालवणेच कठीण आहे. पर्यावरणाचा हिशेबही पूर्ण मांडला पाहिजे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांत सोलापूरचा समावेश असल्यामुळे रस्त्यावरचा धूर घटणे हा खरा लाभ आहे. पण शहरालगतच १,३२० मेगावॉट क्षमतेचे कोळशावरचे वीजकेंद्र असलेल्या या परिसरात वीज स्वच्छ स्रोतांतून येऊ लागेपर्यंत हा लाभ अपुरा राहील.

विजेच्या बसच्या या मांडणीत गाडीचा मालक आणि गाडीवरचे नाव वेगळे होतात. लाल एसटी आणि महापालिकेची शहर बस यांच्या बाबतीत रंग, मालकी आणि जबाबदारी एकाच ठिकाणी होती. आता गाडी कंपनीची, साहाय्य केंद्राचे, मार्ग महापालिकेचा आणि गैरसोय प्रवाशाची, अशी विभागणी होऊ शकते. म्हणूनच नव्या रंगसंगतीत महापालिकेच्या परिवहन उपक्रमाचे नाव ठळक असणे ही मानापमानाची बाब नाही, ती उत्तरदायित्वाची अट आहे. मार्गांना नावे द्यायची, तर ती कुंभारीच्या विडी कामगार महिलेला, केगावच्या विद्यार्थ्याला आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या यंत्रमाग कामगाराला आपली वाटतील अशी, क्रमांकासह आणि शहराच्या सर्व भाषांतील वाचकांना ओळखता येतील अशा अक्षरांत असावीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे करारातील किलोमीटर, रद्द झालेल्या फेऱ्या आणि दिलेला दंड यांचा हिशेब परिवहन समितीपुढे व लोकांपुढे नियमितपणे मांडला गेला पाहिजे. सोलापूरकरांनी निळी-चंदेरी गाडी गेल्याचे दुःख केले नाही आणि लाल गाडीवर प्रेम केले ते रंगासाठी नव्हे. ती वेळेवर आणि शेवटच्या गावापर्यंत येत राहिली, म्हणून तो रंग आपला झाला. विजेच्या बसला हीच कसोटी लागू आहे, आणि ती या कसोटीला उतरली तर तिचा रंग कोणता हे ठरवण्याचा अधिकार तिच्या प्रवाशांनी तिला आनंदाने दिलेला असेल.